स्वयंपाकघरातला बोर्ड राहिला

बाबा गिरणीत वायरमन. गिरणी बंद पडल्यावर घाटकोपर ते मुलुंड कितीतरी घरांचं वायरिंग त्यांनी केलं. काम संपलं की मेन बंद करायचा, प्रत्येक बोर्डाची प्लेट पुन्हा उघडायची आणि आतली एकेक वायर बोटांनी ओढून बघायची, ही त्यांची पद्धत. हातात आली तर स्क्रू नीट आवळलेला नाही.

मी मुलुंडला फ्लॅट घेतला तेव्हा सगळं काम इंटिरिअरवाल्याला दिलं. वास्तुशांतीच्या सकाळी, माझ्या पवईच्या ऑफिसातले लोक यायची वेळ झाली, तर बाबा हॉलमधली लाइट घालवून बोर्ड उघडून बसलेले. इंटिरिअरवाला समोरच उभा. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, ही काय तुमची गिरणी नाही. त्याला कळतं त्याचं काम."

बाबांनी प्लेट बसवली, मेन चालू केला. "किचनचो रवलो," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, राहू दे.

काही महिन्यांनी फ्रिजला हात लावला की झिणझिण्या यायला लागल्या. अर्थिंग नाही, हे वायरमनच्या मुलीला कळायला कितीसा वेळ लागतो? शहाण्या माणसाने तिथल्या तिथे प्लग काढला असता. पण बाबांना फोन करायचा कुठल्या तोंडाने? बाहेरच्या कुणाला बोलवावं, तर इथले निम्मे वायरमन त्यांच्या ओळखीचे. मग मी काय केलं, तर फ्रिजसमोर रबरी चपला ठेवल्या आणि घरात सांगून टाकलं, चप्पल घातल्याशिवाय फ्रिज उघडायचा नाही. चार महिने असे काढले. लिहितानासुद्धा लाज वाटते.

मग आई राहायला आली. आईने स्वयंपाकघरात जन्मात कधी चप्पल घातली नाही. तिला सांगायला हवं होतं, पण सांगितलं की कारण विचारणार, म्हणून आज-उद्या करत राहिले. दुसऱ्याच दिवशी तिने ओल्या हाताने फ्रिज उघडला आणि मागे फेकली गेली. मनगट मोडलं. वाचली, हे आमचं नशीब.

संध्याकाळी बाबांनी मेन बंद करून फ्रिजचा बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी वायर मागे नुसती दुमडून ठेवली होती, स्क्रूपर्यंत गेलीच नव्हती.

"आधी कधी करंट लागललो?"

"नाही," मी म्हटलं. सरळ खोटं बोलले.

माझी मुलगी आजीच्या प्लास्टरवरून हात फिरवत बसली होती. ती म्हणाली, "आजी, फ्रिज उघडताना चप्पल घालायची असते. आम्ही रोज घालतो."

बाबांनी वायर जोडली, प्लेट लावली, हात पुसले. आवाज चढवला नाही.

"माझा काम तुका नको होता, जांव दे. पण तुझी आवस अनवाणी फिरता, ह्या तुका म्हायत होता ना?"

माहीत होतं.