वरची फळी अस्सल

रघुअण्णा गेल्याचं कळलं तेव्हा मी सफाई कामगारांच्या सभेत, मांडवाच्या कडेला उभी राहून गिटारीच्या तारा सुरात लावत होते. त्यांच्या पत्नी पद्माक्कांचा फोन आला. "अण्णा गेले गं," एवढंच त्या बोलल्या. मी तशीच गायले, अण्णांनीच माझ्यासाठी बनवलेल्या गिटारीवर. त्याच आठवड्यात हा लेख लिहिला असता तर तो निव्वळ कृतज्ञतेचा झाला असता...

चामराजपेटेतल्या त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे गिटारींचा कारखाना. पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेलं मराठी घर; बोलण्यात निम्मं कन्नड. आमच्या घरी वडील पत्रकं लिहीत आणि आम्ही मुलं त्यांच्या घड्या घालत असू. खरं आणि खोटं यांच्या मधे काही असतं, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. लाकडाबद्दल अण्णा अगदी त्याच भाषेत बोलत, म्हणून मी त्या खोलीत रमले.

मैदानात आवाज पोचावा म्हणून मला मोठी गिटार हवी होती. अण्णांनी मापं घेतली नाहीत. मला स्टुलावर बसवून आधी गायला लावलं. कुणाचीही गिटार करण्याआधी ते त्या माणसाचा आवाज ऐकत. ऐकून झाल्यावर म्हणाले, "क्रांतीबाई, तुझा आवाज मुळातच खालचा. मोठ्या पोटाची गिटारसुद्धा खालीच घुमते. दोघी एकाच जागेसाठी भांडाल आणि शब्द कुणालाच कळणार नाहीत. तुला लहान पोटाची. ती मधल्या सुरांत नेमकं बोलते, तुला जागा सोडते."

"आणि मागच्या रांगेला ऐकू कसं जाणार?"

"माईक कशाला असतो? स्वल्प काम त्यालाही करू दे."

मग लाकूड. वरच्या फळीसाठी सीडर की स्प्रूस, यावर एक अख्खी दुपार गेली. सीडर हलक्या बोटालाही लगेच उत्तर देतं, आवाज ऊबदार येतो, पण झोडपलं की गुदमरतं. स्प्रूस मार सोसून आणखी मोकळं होतं. "तू झोडपणारी," असं म्हणून त्यांनी स्प्रूस काढलं. पाठीला महोगनी लावली तर आवाज कोरडा, सुटसुटीत; शिसवीला खोली येते, सूर मागे रेंगाळतो. मी शिसव मागितली. त्यांनी एक फळी दोन बोटांत धरून तिच्यावर टिचकी मारली. ती घंटेसारखी वाजली. मग प्लायवुडच्या तुकड्यावर मारली. ठप्प. "थरांना गोंद लावून गप्प बसवलेलं लाकूड," अण्णा म्हणाले. "माझ्या कारखान्यात शिरत नाही."

ते वाक्य मी जसंच्या तसं एका पत्रकात घातलं. स्वस्त, खोट्या वस्तूंविरुद्धचं पत्रक होतं ते, आणि त्यात अण्णा माझे नायक होते. चिकपेटेत मी ते हातोहात वाटलं. अण्णांनी चष्मा वर करून ते शेवटपर्यंत वाचलं, कन्नडमधलं "सरी", म्हणजे 'बरं', एवढंच म्हणाले आणि पुन्हा रंधा हातात घेतला. माझी गिटार तेव्हा तयार होऊन माझ्या खांद्यावर होती. घेताना मी विचारलं होतं, "पाठ शिसवीची ना?" ते म्हणाले होते, "शिसवीचीच."

ते गेल्यानंतर काही दिवसांनी गिटारीचा आवाज वायरीने थेट स्पीकरला जावा म्हणून मी तिला पिकअप बसवायला कोरमंगलातल्या एका दुकानात गेले. दुरुस्ती करणारा नागपूरचा. वायरीसाठी त्याने बुडाशी भोक पाडलं आणि आत टॉर्च मारला.

"ताई, टॉप सॉलिड आहे, एकदम भारी. बॅक आणि साइड्स प्लाय आहेत."

"शक्य नाही."

"बघा ना. भोकाच्या कडेला लेयर्स दिसतायत. आतून-बाहेरून शिसवीचा पातळ पापुद्रा चिकटवलाय. काम मात्र एक नंबर."

मी तशीच रिक्षाने चामराजपेटेत गेले. पद्माक्का भाजी निवडत होत्या. गिटार त्यांच्यापुढे आडवी ठेवून मी ते भोक दाखवलं. त्या दचकल्या नाहीत, याचाच मला अधिक राग आला.

"तू दिवसभर उन्हात उभी राहणार, मग पावसात भिजणार," त्या म्हणाल्या. "अण्णा म्हणायचे, अस्सल शिसव हिच्याकडे चिरणार. आवाज वरच्या फळीत असतो, ती खरी दिली. पाठ टिकेल अशी दिली."

"मग मला सांगायचं होतं, अक्का."

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

नसती घेतली. हे मला तेव्हाही माहीत होतं, आताही आहे. पण नको म्हणण्याचा हक्क माझा होता. ज्या माणसाने मला लाकडातला खरेपणा ऐकायला शिकवलं, त्याने माझ्यापुरतं ठरवून टाकलं, की या मुलीला सत्य झेपणार नाही. माझं पत्रक हातात धरून, माझ्या खांद्यावरची गिटार समोर दिसत असताना ते गप्प राहिले. ही माया असेल. लहान मुलाला दुधातून औषध द्यावं तशी माया. मला ती नको होती... मी त्यांना बरोबरीचं मानत होते.

काम पुरं करून घ्यायला परत गेले तेव्हा दुकानातल्या त्या मुलाने भोकाची कड काळ्या रंगाने झाकून देऊ का, असं विचारलं. मी नको म्हटलं. गिटार माझ्या खोलीत भिंतीला टांगलेली असते. बुडाशी ते थर उघडे दिसतात. तिच्यावर मी अजून गाते, कारण दुसरी कुठलीच गिटार माझ्या आवाजाला इतकी जागा सोडत नाही. सभेनंतर कुणीतरी हमखास विचारतं, लाकूड कुठलं? मी सांगते, वरची फळी अस्सल स्प्रूस, बाकी प्लाय. लोकांना खरं वाटत नाही. मग मी गिटार उलटी करून त्यांना भोक दाखवते.

एवढंच सांगायचं होतं, अण्णा. मी भांडले असते, रागाने उठून गेले असते, आणि मग कदाचित परत आले असते.