भिंतीवरचे फोटो

"हनुवटी जरा वर."

समोर कोणीही असो, मामा आधी हे म्हणायचे आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेत हळूच उचलायचे. माणसाला हात लावायचा नाही. बोटं वर गेली की समोरच्याची मान आपोआप वर जायची. त्यासाठी हातात कॅमेरा असायलाच हवा असंही नाही. भाजीवाली, घरपट्टी वसूल करायला आलेला नगरपालिकेचा माणूस, सर्व्हर बंद पडला म्हणून रडकुंडीला आलेली मी, सगळ्यांना तेच. मान उचलली की म्हणायचे, "हां, आता मानूस दिसला."

शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याला लागून माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. मधे एक पातळ भिंत. मी गिऱ्हाइकावर डाफरले की पलीकडून आवाज यायचा, "ताई, हनुवटी वर, आवाज खाली." माझा आवाज मोठा आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. तो खाली करायला सांगायची हिंमत एकट्या मामांची.

आमच्याकडे एक रीत आहे. तुमच्याकडेही असेल, बघा आठवून. घरातलं म्हातारं माणूस थकायला लागलं की त्याचा एक चांगला फोटो काढून ठेवतात, पुढे भिंतीवर लावायला. पण हे त्या माणसासमोर कोणी बोलत नाही. "कार्डासाठी फोटो लागतोय," असं सांगून आणतात. कुठलं कार्ड, हे म्हातारं माणूसही विचारत नाही. सांगणाऱ्यानं सांगितलं, ऐकणाऱ्यानं ऐकलं, विषय संपला.

या फोटोंमध्ये मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. लग्नं आणि बारशी मोबाईलनं केव्हाच पळवली होती. तरी केंदूर, निमोणे, कुठून कुठून म्हातारी माणसं जीपमधून यायची. मामा आधी चहा पाजायचे. मग गप्पा. केंदूरच्या एक आजी आल्या होत्या, चेहरा कसा, ताकात माशी पडल्यासारखा. मामा म्हणाले, "हनुवटी वर, आज्जी. मालकानं पहिल्यांदा साडी आनली तवा कसं बघितलं होतं, तसं बघा."

"आनलीच न्हाई कवा मेल्यानं!" आजी म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसत सुटल्या. तेवढ्यात फोटो निघाला. मी दारातून बघत होते. सगळे दात गेलेलं ते हसू मी अजून विसरलेले नाही.

असे शेकडो फोटो मामांकडे होते. पत्र्याच्या डब्यांत निगेटिव्ह, आणि अलीकडचे एका हार्डडिस्कमध्ये.

मग इमारत पाडायचं ठरलं. मालकाला कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. दिवाळीच्या आत गाळे मोकळे करा, म्हणाला. मला फारसं काही वाटलं नाही, झेरॉक्सचं मशीन कुठेही चालतं. मामांच्या मात्र पायाखालची जमीन सरकली. दुसरीकडे स्टुडिओ मांडायचं वय राहिलं नव्हतं. बायको वारलेली. मुलगा चाकणला कंपनीत, एका खोलीत चौघं. तो फोनवर म्हणाला, "दादा, तुम्ही या, पन डबे आनू नका. भंगारात द्या."

त्या दिवशी मामा माझ्या स्टुलावर येऊन बसले. त्यांचीच हनुवटी छातीला टेकली होती.

"ताई, मला मोबाईलमधी दुकान काढून द्या. जिथनं कुनी उठवनार न्हाई असं. लोकांनी घरी बसून फोटो बघायचा, पैसं भरायचं, फोटो घरपोच. असं असतं म्हनं."

"असतं मामा. पण..."

"पन न्हाई. मला दुसरं काय येत न्हाई हो, ताई."

झालं, आमचा वेबसाइटचा शोध सुरू झाला. बाई गं, काय तो शोध! फोटो विकायच्या वेबसाइटी बक्कळ, आणि मामांची प्रत्येकीची परीक्षा मुलगी बघायला गेल्यासारखी. एक वेबसाइट डॉलरशिवाय बोलत नव्हती. दुसरी सगळे फोटो चौकोनात कापायची. "अहो, फेटा कापला की हिनं! मानसाचा फेटा कापतात का?" ती नापास. तिसरी फोटो जगभर विकणार होती, कोणालाही, कशालाही. मामांनी तोंडावर हात ठेवला. "म्हंजी आमची केंदूरची आज्जी उद्या तिकडं मलमाच्या जाहिरातीत? नगं नगं." प्रत्येक वेळी विचारायचे, "हिचा मालक कुठं बसतो? त्यानं उठवलं तर?" मी चिडायचे. म्हणायचे, मामा, असा मालक गावात बसत नसतो. जरा वेळानं ते तेच पुन्हा विचारायचे. रोज समोरच्या दुकानांची एकेक पाटी उतरत होती, त्याच्याकडे बघत विचारायचे.

शेवटी एक मिळाली. फोटो अख्खा दाखवायची, फोनवरून पैसे घ्यायची, प्रिंट घरी पाठवायची. कोणी फुकट उचलू नये म्हणून प्रत्येक फोटोवरून एक तिरकी पट्टी जायची आणि त्या पट्टीत स्टुडिओचं, म्हणजे मामांचंच नाव. विकत घेतला की पट्टी जायची. ती बघून मामा हरखले. "माझं नाव आलं की, ताई!" डोळे भरून आले होते त्यांचे. खोटं कशाला सांगू, माझेही.

फोटोंचे गट करायला सांगितले होते आणि गटांना नावं द्यायची होती. लग्नं, बैलपोळा, यात्रा. म्हाताऱ्या माणसांच्या फोटोंना काय लिहायचं, मी विचारलं. मामा म्हणाले, "आपन म्हनतो तेच लिहा की. भिंतीवरचे फोटो." आम्ही दोघं इतकी वर्षं तेच म्हणत होतो. मी टाइप केलं आणि हार्डडिस्कमधले फोटो माझ्या कॉम्प्युटरवर घेऊन चढवले. दोघांपैकी एकाच्याही मनात काही आलं नाही.

गावोगावच्या ग्रुपवर मेसेज गेले. मामा माझ्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून ऑर्डरची वाट बघायला लागले. "आली का?" "नाही, मामा." "आता?"

ऑर्डर आली नाही. आल्या त्या केंदूरच्या आजी, एसटीनं, काठी टेकत. पुण्याच्या नातवानं हौसेनं मोबाईल दाखवला होता, आजी, तुझा फोटो आलाय म्हणून. आजींनी बघितलं, तर शेजारी कोण? गेल्या साली गेलेली जाऊ. पलीकडे वारलेला पोलीस पाटील. आणि मधे आपण, तोंडावरून तिरकी काट. वर लिहिलेलं 'भिंतीवरचे फोटो' नातवानं वाचून दाखवलं.

आजी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "फोटोवाल्या, मला कार्डाचं सांगितलं व्हतं रं. मी काय येडी हाय व्हय, मला कळत व्हतं. पन असं चारचौघांत लिवायचं? जित्तेपनी काट मारून मेल्यांच्यात बसवलं मला?"

मामांनी आजींचे पाय धरले. आजींनी डोक्यावर हात ठेवला आणि परत गेल्या.

नाव बदलू या, मी म्हणाले. पट्टी काढू या. मामा ऐकेनात. नुसतं नाव बदलून काय होतंय, जिवंत माणसं त्या रांगेतून उठवली पाहिजेत. पण जिवंत कोण आणि गेलेलं कोण, हे मामांना कुठे माहीत? फोटो काढला, माणूस जीपमधून गेला. मग हा वेडा माणूस गावोगाव विचारत फिरायला लागला. आता तुम्हीच सांगा, कोणाच्या दारात जाऊन हे विचारायचं तरी कसं? निमोण्यात एकानं अंगावर धावून येत सुनावलं, "आमचा बा जित्ता हाय का, ह्ये इचारायला आलायस? चल निघ." तो बाप आत खाटेवर बसून सगळं ऐकत होता. मामा संध्याकाळी परत आले ते चपला हातात घेऊन. एकीचा अंगठा तुटला होता. बसले आणि लहान मुलासारखे रडले.

"काढा, ताई. सगळे काढा."

"मामा, लग्नाचे, पोळ्याचे तरी राहू देत. दुकान जाईल तुमचं."

"माझ्यापुढं बसून हसलेली मानसं हायती ती. आता दारात बघितलं की तोंड फिरवत्यात. काढा. तुमच्या कॉम्प्युटरमधलं बी काढा."

मी खूप ओरडले त्या दिवशी. आवाज खाली करा असं कोणी म्हणालं नाही. शेवटी एकेक फोटो काढला, मामा शेजारी उभे राहून बघत होते. केंदूरच्या आजींचा फोटो आला तेव्हा त्यांची दोन बोटं जराशी हलली. मग तोही गेला.

दिवाळीआधी मामा चाकणला न जाता डबे घेऊन दौंडला गेले, विधवा बहिणीकडे. तिथे डब्यांना जागा होती. टेम्पोत बसताना मला म्हणाले, "हनुवटी वर, ताई." माझी काही वर होईना.

वर्षभरानं केंदूरच्या आजी माझ्या नव्या दुकानात आल्या, नातवाला घेऊन. म्हणाल्या, "पोरी, माझा त्यो फोटो दे. जित्ती हाय तवर मीच लावते भिंतीवर. मागनं पोरं कसलाबी रडका लावत्याल. त्यात मी हसतीया." मी मामांना फोन लावला. लागेना. फोटो मामांकडूनच आणते, असं आजींना सांगून मी रविवारी दौंड गाठलं.

रेल्वे लाईनजवळ पत्र्याची खोली. बहीण दारातच म्हणाली, "दादा गेलं की, भादव्यात." डब्यांचं विचारलं. पावसाळ्यात पत्रा गळला, निगेटिव्ह चिकटून गोळा झाले. दहाव्याला मुलगा आला, त्यानं डबे भंगारात घातले, हार्डडिस्कसकट.

आत भिंतीवर मामांचा फोटो होता, हार घातलेला. दुसरा सापडलाच नाही म्हणून आधार कार्डावरचा मोठा करून घेतला होता. धुरकट, डोळे अर्धे मिटलेले, हनुवटी पार खाली. जन्मभर कार्डाच्या नावाखाली दुसऱ्यांचे भिंतीचे फोटो काढले आणि स्वतः भिंतीवर गेले ते खरंच कार्डावरच्या फोटोनं. माझी दोन बोटं नकळत वर झाली. बहिणीनं विचारलं, "काय झालं?" मी पाणी मागितलं.

केंदूरला जाऊन आजींना सगळं सांगितलं. तेव्हा नातू म्हणाला, पट्टी आहे म्हणून आधी बोललो नव्हतो, पण माझ्या मोबाईलमध्ये आहे की, वेबसाइटवरून तेव्हाच स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. ती पट्टी ॲपमध्ये पुसता येईल, एक मिनिटाचं काम.

"त्यात लिवलंय काय?" आजींनी विचारलं.

"मामांच्या स्टुडिओचं नाव," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे." आजींनी पदर तोंडाला लावला. "त्याचा कुठं धड फोटो हाय? बसू दोघं एका भिंतीवर."

मीच प्रिंट काढून दिली, मोठी. केंदूरला जाणं झालं की मी त्या घरी डोकावते. आजी फोटोखाली बसून शेंगा फोडत असतात. वर त्याच आजी बोळकं उघडून हसताहेत, हनुवटी चांगली वर, आणि त्या हसण्यावरून मामांचं नाव तिरकं गेलेलं आहे.