गुलाम मेला, साहेब!

ग्रंथपालांनी अकरा वर्षं एक सॉफ्टवेअर फुकट सांभाळलं. पुस्तकांची यादी ठेवणारं; कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं असं. यादी एका संगणकावर आणि तिची दुसरी आवृत्ती शेजारच्यावर. इंग्रजीत त्यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हणत. मराठी करताना ग्रंथपालांनी इमानेइतबारे 'मालक' आणि 'गुलाम' केलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा तो दुसरा संगणक बंद पडला की शिपाईमामा वाचनालयभर ऐकू जाईल असं ओरडत, "गुलाम मेला, साहेब!" वाचक मान न उचलता पान उलटत.

ग्रंथपालांची मेहुणी मुद्रितशोधक. शब्द खटकला की तिला जेवण जात नाही. 'मूळ' आणि 'प्रत' असा बदल तिने सॉफ्टवेअरच्या इंटरनेटवरच्या पानावर सुचवला, खाली लिहिलं, "माणसाला म्हणायची लाज वाटते ते यंत्राला तरी कशाला म्हणायचं?" दोन दिवसांत पसंतीचे चारशे बदाम पडले.

ग्रंथपालांनी तीन महिने खपून तारखांचा घोळ निस्तरला होता, तेव्हा एकाने लिहिलं होतं, "छान. पुढचं कधी?" बदाम नव्हता.

बदल मंजूर करणं मात्र त्यांच्याच हातात होतं. नऊ दिवस त्यांनी 'विचार चालू' ठेवला. मग आक्षेप काढला: वाचनालयात 'प्रत' म्हणजे पुस्तकाची प्रत, गोंधळ होईल. मुद्दा बिनतोड होता.

"खरंच की, भावोजी! मग 'नक्कल' करू या?" मेहुणीने लिहिलं. या उत्तरालाच साठ बदाम.

"चांगलं आहे तर चांगलं म्हण ना," बायको म्हणाली. "एरंडेल प्यायल्यासारखं तोंड कशाला?"

"मी फक्त तपासतोय."

तपासता तपासता त्यांना घबाड सापडलं. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यातल्या एका सूचनेत तिच्या नजरेतून सुटलेला एक गुलाम शिल्लक होता. ग्रंथपालांनी तो स्वतःच्या नावाने बदलला आणि त्याच आनंदात सगळं मंजूर केलं.

दुपारी त्यांना बदाम मिळाला. एक. मेहुणीचा.

"दयेने दिलाय," ते बायकोला फोनवर म्हणाले. मग तो अजून आहे ना, हे तीनदा उघडून पाहिलं.

तेवढ्यात शिपाईमामा ओरडले, "नक्कल मेली, साहेब!"

सगळ्या वाचकांनी माना वर केल्या. तिचा शब्द होता ना, म्हणून, असं ग्रंथपालांचं आजही मत आहे.