नितीनचे लांब हात आणि आखूड धनुष्य

आमच्या आर्चरी क्लबात दोन गोष्टींचा पत्ता कुणालाच नसतो. एक, झुडपात गेलेले बाण किती. आणि दुसरी, ते शोधता शोधता एकमेकांना सांगितलेले किस्से किती. बाण निदान पानगळ झाली की थोडेफार सापडतात. किस्से मात्र साचतच जातात! गेल्या वर्षभरात साचलेले बहुतेक एकट्या नितीनचे आहेत.

केंब्रिजच्या बाहेर, शेवटच्या बसस्टॉपवरून चिखल तुडवत पुढे गेलं की आमचं छोटंसं जंगल लागतं. झाडांमध्ये फोमची जनावरं उभी आहेत. हरणं, एक रानडुक्कर, आणि एक अस्वल, ज्याचा कान कुणीतरी कधीच उडवलाय. रविवारी सकाळी त्यांच्यावर बाण मारायचे आणि मग लाकडी हटमध्ये बसून चहा प्यायचा. मी आठवडाभर लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसते, त्यामुळे मला हे फार मानवतं.

नितीन मूळचा नागपूरचा. आयटीतला, वर्क व्हिसावर आलेला. उंची अशी, की हटच्या दारात त्याला प्रत्येक वेळी वाकावं लागतं. आणि प्रत्येक वेळी तो जरा उशिराच वाकतो!

*

पहिल्याच रविवारी ग्रॅहमनं त्याला विचारलं, कसलं धनुष्य हवंय? ग्रॅहम आमचा कोच. रिटायर्ड डेंटिस्ट. अजूनही समोरच्याकडे बघताना आधी दात बघतो.

नितीन खणखणीत आवाजात म्हणाला, "शॉर्ट रिकर्व्ह. फॉर हंटिंग!"

इंग्लंडात धनुष्यानं शिकार करणं बेकायदा आहे, आणि हे हटमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. एका बाईंनी हातातलं बिस्किट परत डब्यात ठेवलं. ग्रॅहमनं चहाचा घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, "हंटिंग व्हॉट, एक्झॅक्टली? माय बेअर?"

मग सगळा उलगडा झाला. नितीनचा मावसभाऊ सचिन अमेरिकेत असतो, विस्कॉन्सिनला. तिथं परवाना काढला की धनुष्यानं हरणाची शिकार करता येते. सचिननं ऑक्टोबरात याला बोलावलं होतं. एवढ्याशा कापडी तंबूत लपून, स्टुलावर बसून बाण मारायचा. लांब धनुष्य घेतलं तर टोक छताला लागणार. म्हणून आखूड हवं, आणि रिकर्व्ह, म्हणजे दोन्ही टोकं पुढे वळलेलं.

"तंबू मला समजला," ग्रॅहम म्हणाला. "पण हे हात?"

*

हाताचं माप घ्यायला क्लबात एक खास बाण आहे, इंचांच्या खुणा केलेला. तो लावून दोरी गालापर्यंत ओढायची. बहुतेक लोक अठ्ठावीसच्या आसपास थांबतात. नितीननं ओढायला सुरुवात केली. अठ्ठावीस गेले, एकोणतीस गेले, तीस गेले... खुणा संपल्या, बाण संपला, आणि पुढच्या बाजूनं घसरून थेट ग्रॅहमच्या बुटावर पडला!

ग्रॅहमनं तो उचलला, पुसला. "वुई'ल नीड अ बिगर स्टिक."

मोठी काठी आणली, तेव्हा बत्तीस निघाले. नितीननं त्या संध्याकाळी कौतुकानं नागपूरला आईला फोन केला. काकूंना काही विशेष वाटलं नाही. म्हणाल्या, "मला काय सांगतोस? तुझ्या शाळेच्या शर्टांना दर दिवाळीनंतर कफ कोण जोडत होतं?"

*

ग्रॅहमनं त्याला नीट समजावलं होतं. धनुष्य आखूड आणि हात लांब असले, की ओढलेल्या दोरीचा कोन फार अरुंद होतो आणि बोटं त्यात चिमटली जातात. शिवाय शेवटचे एक-दोन इंच एकदम जड होतात, अडकलेल्या ड्रॉवरसारखे. नितीननं मान डोलावली. "ॲब्सोल्यूटली, ग्रॅहम." घरी गेला आणि ऑनलाइन मिळालं त्यातलं सगळ्यात आखूड धनुष्य मागवलं!

"रिव्ह्यू फार चांगले होते, ताई," तो मला म्हणाला.

"रिव्ह्यू लिहिणाऱ्यांचे हात बघितलेस का?"

रविवारभर त्यानं हट्टानं तेच वापरलं. सोमवारी ऑफिसात गेला आणि लॅपटॉपवर बोट ठेवलं. लॅपटॉप म्हणाला, ओळखत नाही. दुसरं बोट ठेवलं. तेही ओळखत नाही. बोटं अशी सुजली होती की ठसेच बदलले! शेवटी हेल्पडेस्कचा माणूस आला. बोटांकडे बघून त्यानं विचारलं, "काय झालं?"

"हरणाची तयारी करतोय," नितीन प्रामाणिकपणे म्हणाला.

त्या माणसानं एक पाऊल मागे घेतलं. पासवर्ड मात्र लगेच रीसेट करून दिला.

*

उन्हाळ्यात काकू सहा महिन्यांसाठी आल्या. मी, नितीन आणि काकू अशी आमची वरात दुसरं धनुष्य घ्यायला धनुष्याच्या दुकानात गेली. एका जुन्या धान्याच्या कोठारात थाटलेलं दुकान. मालक बिचारा फार सज्जन. त्यानं एक धनुष्य काढलं. काकू खुर्चीत सैलावून बसल्या, आणि पैठणीच्या दुकानात बसल्यासारख्या म्हणाल्या, "अजून दाखवायला सांग."

त्यानं अजून दाखवलं. "यात दुसरा रंग नाही का? हा याला मातकट दिसतो."

मी इंग्रजीत सांगितलं. मालक म्हणाला, मॅडम, रंग मातकटच हवा, नाहीतर हरणाला दिसेल. मी मराठीत सांगितलं. काकू ताडकन म्हणाल्या, "मग लाल दाखव म्हणावं!"

आम्ही हसलो, पण त्या हसत नव्हत्या. परतताना गाडीत मागच्या सीटवरून त्यांनी हळूच विचारलं, "नितीन, खरंच मारणारेस का रे?"

"आई, सचिनला शब्द दिलाय."

"हरणाला विचारलंस?"

नितीननं रेडिओ लावला. वाटेत हायवेवरच्या सर्व्हिसेसला चहासाठी थांबलो. तिथं काकूंनी संत्रं सोललं आणि पहिली फोड त्यालाच दिली.

*

दुकानदारानं तीन धनुष्यं ट्रायलला दिली होती. ती तपासायला तंबू हवा. तंबू कुठून आणणार? ईशानं डोकं लढवलं. ईशा आमच्या क्लबातली फिजिओथेरपिस्ट, लंडनच्या हाउन्सलोत जन्मलेली, केंब्रिजला नोकरी करते. तिनं फ्रिजचं भलंमोठं खोकं पैदा केलं, त्याला एक खिडकी कापली, आणि माझ्या मागच्या गार्डनमध्ये नितीनला स्टुलासकट त्यात बसवलं.

चौसष्ट इंचीचं टोक पहिल्याच झटक्यात छत फोडून बाहेर आलं. अठ्ठावन्न इंची आत मावलं, पण खोक्यातून "आईगं, बोटं!" असा आवाज आला. उरलं बासष्ट इंची. ते सरळ धरलं की छताला लागायचं. बघायला आलेला ग्रॅहम बाहेरून ओरडला, "टिल्ट इट!" म्हणजे तिरकं धर. नितीननं तिरकं धरलं, बत्तीस इंच ओढलं, आणि खोकं हललंसुद्धा नाही!

तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या आजी डोकावल्या. खोक्यातून धनुष्याचं एक टोक आणि दोन लांबलचक पाय बाहेर आलेले.

"इज ही ऑल राइट इन देअर?"

"ही इज ट्राइंग ऑन अ बो," ईशा म्हणाली.

"ओ, लव्हली," म्हणत आजी कपडे वाळत घालायला गेल्या.

*

एकदा काकूंना जंगलातही नेलं. एका फोमच्या हरणाला आम्ही सगळे आळीपाळीनं बाण मारत होतो. काकूंनी बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, "ते तर जागचं हलत नाहीये. मग हे इतक्या लांबून का मारतात? जवळ जा म्हणावं."

मी ग्रॅहमला जसंच्या तसं सांगितलं. त्यानं टोपी काढली. "मॅडम, माझी बायको लग्न झाल्यापासून हेच विचारतेय."

*

ऑक्टोबरात नितीन गेला. सचिन म्हणजे काकूंच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, त्यांनाही आग्रहाचं बोलावणं होतं. पण त्या गेल्या नाहीत. "मला ते बघायचं नाही," एवढंच म्हणाल्या आणि माझ्याकडे राहायला आल्या. आठवडाभर कोबीच्या वड्या, थालीपीठं, सगळं झालं. शिकारीबद्दल एक शब्द नाही. फक्त माझा फोन वाजला की स्वयंपाकघरातला आवाज थांबायचा.

रविवारी त्यांना एकटं ठेवायला नको म्हणून हटमध्ये घेऊन गेले. बाहेर पाऊस, आत सगळे दाटीवाटीनं बसलेले. तिकडे सकाळ होती. नितीन पहाटेपासून तंबूत बसला असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शूटिंगकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ग्रॅहम तर एकच कप तीनदा विसळत होता.

दुपारी मेसेज आला. "ताई, आत्ताच तंबूतून बाहेर आलो."

मी टाइप केलं, "हरीण आलं का?"

"आलं. अगदी समोर. मोठ्ठं."

मी मोठ्यानं वाचलं. ईशानं ग्रॅहमला इंग्रजीत सांगितलं. ग्रॅहम उभाच राहिला. "डिड ही गेट टु फुल ड्रॉ?"

मी विचारलं. उत्तर आलं, "पूर्ण ओढलं. बोटं दुखली नाहीत. ग्रॅहमला थँक्यू सांग."

ग्रॅहमचे डोळे एवढे चमकले! काकू खिडकीतून पावसाकडे बघत बसल्या होत्या. हातातला चहा तसाच.

मी लिहिलं, "मग?"

बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग. मग एकच शब्द आला.

"सोडलं."

ईशा माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती जागच्या जागी उडीच मारून ओरडली, "ही शॉट! त्यानं सोडलं! ही लूज्ड द ॲरो!"

हटमध्ये एकच जल्लोष! टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी बिस्किटांचा नवा डबा फोडला. ग्रॅहम प्रत्येकाशी हस्तांदोलन करत सुटला, आणि शेवटी काकूंसमोर येऊन वाकून म्हणाला, "काँग्रॅच्युलेशन्स, मॅडम. युअर सन."

काकूंनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, लावला, आणि तो एक शब्द बराच वेळ वाचला. मग फोन टेबलावर ठेवला आणि गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

"ईशा," त्या म्हणाल्या, "बाण पुल्लिंगी असतो, बाळा."