आमच्या साडूंची जाळी

अख्ख्या दौंड-शिरूरमध्ये भोकांवर एवढा जीव लावणारा माणूस आमच्या साडूंखेरीज दुसरा सापडायचा नाही. गाव न्हावरे, नोकरी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत, आणि काम हाडांसाठी जाळ्या बनवण्याचं. हाडाचा तुकडा गेला, की तिथं बारीक भोकांची, चिनीमातीसारखी वडी बसवायची. भोकांतून रक्त शिरतं, नवं हाड धरतं आणि वडी हळूहळू विरून जाते. हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय, की आता मीसुद्धा एखादी वडी भाजून देईन!

ताटात पडलेली कुठलीही वस्तू हा गृहस्थ आधी मोडतो, उजेडाला धरतो आणि मगच खातो. पाव, ढोकळा, कशाचीच सुटका नाही. खारी चहात उभी धरून चहा किती वर चढतो ते बघत बसतात. तोवर चहा गार. खुटबावला, म्हणजे माझ्या सासुरवाडीला, मेव्हणीला बघायला आले, तेव्हा तिनं केलेला अनारसा मोडून म्हणाले, "जाळी झकास पडलीय, पण भोकं एकमेकांना जोडलेली न्हाईत." सासूबाईंचा चेहरा पडला. सासरे, म्हणजे आबा, मात्र खो खो हसले. "तोंडावर सांगतोय, म्हंजी माणूस सरळ हाय," म्हणाले, आणि तिथंच सुपारी फुटली.

तीन वर्षांपूर्वी त्याच आबांना पाटसजवळ उसाच्या ट्रॉलीनं उडवलं. नडगीचा तुकडाच गेला. डॉक्टर म्हणाले, साडूंच्या प्रयोगशाळेतली जाळी बसवून बघू. हाड धरलं तर ठीक, नाही तर पाय काढावा लागेल. आबा साडूंना म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही म्हनाल तसं." साडू "बसवा" म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून त्यांनी काही मोडलं नाही. पाव समोर आला तसा गिळायचे. "प्रयोगात सशांचं हाड धरतं हो," एकदा हळूच म्हणाले, "पण आबा ससा न्हाईत."

यंदा दिवाळीला आबा काठी न घेता फाटकापर्यंत आम्हाला घ्यायला आले. घरात शिरताच ताजा एक्स-रे खिडकीशी धरून म्हणाले, "पाव्हणं, तुमची जाळी कुठं दिसंना की!"

"विरघळली, आबा. आता तिथं सगळं तुमचंच हाड हाय."

"आरं तिच्या! म्हंजी एवढं करून तुमचं काहीच उरलं न्हाई?"

"न्हाई," साडू म्हणाले. एवढा खुललेला चेहरा मी त्यांच्या लग्नातही बघितला नव्हता.

सासूबाईंनी अनारसे पुढं केले. साडूंनी एक उचलला, मोडला, उजेडाला धरला.

"भोकं आजबी जोडलेली न्हाईत."

"नसूं द्या, खावा," सासूबाई म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावत त्यांनी साडूंच्या ताटात आणखी दोन वाढले.