म्हातारीचा समोरचा दात

हाडताईच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती पँटची चेन बदलून घ्यायला. तिचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन.

"मागे जाऊन बसा, हातातलं संपवतो," तो म्हणाला.

मागच्या खोलीत खिडकीखाली एक बैल माझ्याकडे बघत होता. म्हणजे त्याची कवटी. शेजारी दोन कुत्री, एक मांजर, एक डुक्कर. सगळी पांढरीशुभ्र, नुकत्याच धुतलेल्या बशांसारखी.

मी साहित्यात एम.ए. केलं आहे. मृत्यूवर लांबलचक निबंध लिहून बक्षीस मिळवलं आहे. त्या खोलीत मी पँट छातीशी धरून दारातच थांबले.

"बसा ना," हाडताई म्हणाली. "डुकराच्या पलीकडे जागा आहे."

तिथून आमची मैत्री झाली.

ती आधी जनावरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजात झाडलोट करायची. तिथे कवट्या मोठ्या पातेल्यात उकळत. हाडं तडकत, वर्षभरात पिवळी पडत. तिला ते बघवेना. एक दिवस तिने मेंढीचं डोकं मागून घरी आणलं. आता कॉलेज तिलाच काम देतं. हाडताई हे नाव गल्लीने ठेवलं. आधी तो टोमणा होता, आता पत्ता आहे.

तिची रीत सावकाश. डोकं पाण्यात बुडवून ठेवायचं. मांस आपोआप सुटतं, पाणी बदलत राहायचं. मग कोमट साबणाच्या पाण्यात चरबी निघेपर्यंत. शेवटी पेरॉक्साइड, जखमेवर लावतात तेच. उन्हात कधी नाही, सावलीत वाळवायचं. टब अंगणाच्या टोकाला असतात, तरी वास येतोच.

"माझी गिऱ्हाइकं विचारतात, कसला वास," नवरा म्हणायचा. "मी सांगतो, बायको स्वयंपाक शिकतेय."

"आणि तुम्ही दोन्ही वेळा तोच जेवता," हाडताई म्हणायची.

एक गोष्ट ती कटाक्षाने पाळायची. मांस सुटलं की पुढचे दातही सैल होऊन पाण्यात पडतात. म्हणून प्रत्येक टबाचं पाणी वेगळं गाळायचं, आणि त्याचे दात त्याच्याच बरणीत.

मास्तर आले तेव्हा एका टबात कॉलेजच्या घोडीचं डोकं आधीच भिजत होतं. मास्तर म्हणजे घोडेस्वारी शिकवणारे. वय झालेलं, नजर जवळजवळ गेलेली. पुतण्याने त्यांना हाताला धरून आणलं होतं. टेम्पोत गोणपाटात त्यांच्या घोडीचं डोकं होतं.

"म्हातारी गेली," ते म्हणाले. "मला ती भिंतीवर नको. पलंगाशेजारी ठेवणार. दिसायला कशी का असेना, हाताला तीच लागली पाहिजे."

"तीच लागेल," हाडताई म्हणाली.

मग नणंद राहायला आली. मनाने चांगली, हाताने उरकती. हाडताई एका सकाळी कॉलेजात गेली होती. परतली तर अंगण धुतलेलं, दोन्ही टब पालथे, दोन्ही कवट्या आपापल्या टबाशेजारी. आणि एका चाळणीत सगळे दात.

"किती सडवतेस गं वहिनी," नणंद म्हणाली. "मी एका फटक्यात गाळून टाकलं."

हाडताई पायरीवर बसली. मग उठून तिने चहा केला, नणंदेलाही दिला.

दुपारी तिने मला बोलावून घेतलं, आणि आम्ही दोघी दात लावून बघत बसलो. प्रत्येक दात आपल्या खाचेत नीट बसतो. दुसऱ्याच्या खाचेत अडतो, नाहीतर डुलतो. चाळणी रिकामी होत गेली. शेवटी दोन उरले. दोन्ही वरचे, समोरचे. दोन्हींच्या कडेचा टवका उडालेला. आणि दोन्ही दोन्हीकडे बसत होते.

"लावून टाक ना एक," मी म्हणाले. "त्यांना थोडंच दिसणार आहे?"

"दिसलं असतं तर फसलेही असते," ती म्हणाली. "ते हात लावणार आहेत."

कवट्या पांढऱ्या झाल्या, वाळल्या. तिने बाकीचे दात चिकटवले. दोघींच्या तोंडात तेवढी एक खाच मोकळी राहिली. असं अर्धं काम तिने कधी दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. मास्तर यायच्या दिवशी ती सकाळपासून टेबल पुसत होती, तेच तेच.

मास्तर आले. त्यांनी दोन्ही तळवे कवटीच्या कपाळावर ठेवले. मग बोटं खाली उतरली. खाचेशी थांबली.

"दात सरमिसळ झाले," हाडताई म्हणाली. "आमच्याच घरात झाले. एक मला ओळखता आला नाही."

नणंद दारात उभी होती. ती खाली बघू लागली. हाडताईने तिचं नाव घेतलं नाही.

तिने दोन्ही दात मास्तरांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी अंगठ्याने एकाची कड चाचपली, मग दुसऱ्याची. पुन्हा पहिल्याची.

"हा," ते म्हणाले. "दाताने दाराची कडी उघडायची चोरटी. लगाम घालताना रोज इथे बोट लागायचं. एकदा कापलंही."

हाडताईने गोंदाची बाटली उघडली, हात पुढे केला.

मास्तरांनी मूठ मिटली होती.

"हा राहू द्या माझ्याकडे," ते म्हणाले. "खिशात."

तिने एकदा त्या मोकळ्या खाचेकडे पाहिलं. मग बाटलीचं झाकण लावलं.

पुतण्याने कवटी चादरीत गुंडाळली. टेम्पो गेला.

"बोळकं घेऊन गेले," नवरा मशीनवरून म्हणाला.

"त्यांची म्हातारी घेऊन गेले," हाडताई म्हणाली. टेबलावर दुसरा दात उरला होता. तिने तो नणंदेच्या हातात दिला. "कॉलेजच्या घोडीचा आहे. ये, तू चिकटव. मी धरते."