तात्यांची हायवेवरची परीक्षा

बारामतीतले बाकीचे ड्रायव्हिंग स्कूलवाले महिन्याभरात लायसन हातात ठेवत. तात्या मात्र आपल्याच शिकाऊ माणसाला परीक्षेला जाऊ देत नसत. मला त्यांनी तीन महिने थांबवलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा शाळेत शिक्षिका होते. आम्ही नवी मारुती घेतली होती आणि जळोचीच्या रस्त्यावर माझा हात चांगला बसला होता.

तात्यांनी आधी वीस वर्षं ट्रक चालवला होता. लायसनची परीक्षा मैदानात व्हायची. गाडी पुढे न्यायची, वळवायची, मागे आणायची, झालं. "मैदानात समोरनं कोण येतंय? परीक्षा हायवेवर घ्या," असा अर्ज ते दरवर्षी आरटीओ ऑफिसात देऊन येत. उत्तर कधी आलं नाही. मग ते स्वतःच प्रत्येकाला इंदापूरजवळ सोलापूर हायवेवर नेत.

माझी पाळी आली तेव्हा पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्यांचा. ओलांडायला मी गाडी बाहेर काढली आणि तात्यांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. समोरून आलेला ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

"बाई, गाडी कडंला घ्या. टरक किती लांब हुता?"

"बराच लांब होता."

"बराच म्हंजे किती? हितं बसा आन् मोजा."

अर्धा तास मी रस्त्याकडेला बसून आकडे मोजत होते. तेवढ्या अंतरावरून ट्रक माझ्यापर्यंत यायला आठ आकडे लागत. तसाच ट्रॅक्टर ओलांडायला गाड्यांना बारा लागत. मी गाडीची किल्ली तात्यांपुढे धरली. तात्या रागावले नाहीत. "भ्यालात, बरं झालं. आता चालवा," एवढंच म्हणाले.

या हट्टाचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. कन्हेरीचा त्यांचा मेव्हणा त्यांच्याच हाताखाली शिकला, मैदानात पहिल्या झटक्यात पास झाला आणि त्याच महिन्यात हायवेवर अपघातात गेला. "त्याला गाडी मी शिकवली. रस्ता शिकवलाच न्हाय."

त्यांच्याकडे येणारे कमी होत गेले. तीन महिने थांबायला कोणाला वेळ होता?

काही वर्षांनी ते माझ्या यजमानांना शिकवत होते. मी मागे बसले होते. भरदुपारी डावीकडून एक मोटारसायकल आडवी आली. यजमानांनी स्वतःच ब्रेक लावला. तात्यांचा पाय हललाही नव्हता. त्यांनी गाडी कडेला घ्यायला लावली.

"बाई, आता तुमी घ्या गाडी. मला ती दिसलीच न्हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूल बंद केलं आणि स्वतःचं गाडी चालवायचं लायसन परत द्यायला ते ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाकडे असा माणूस कधी आला नव्हता.

"परत करायचा फारमच न्हाय म्हणाला," तात्यांनी मला नंतर सांगितलं.

"मग काय केलंत?"

"ठेवलं त्याच्या टेबलावर, आन् आलो एस.टी.नं."